शॉट तीन, गोल दोन : एक्सजी म्हणजे नेमकं काय?

२२ नोव्हेंबर २०२२, दुपारी साडेतीनची फुटबॉल वर्ल्ड कपची मॅच, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. कोल्हापूरचा आमचा एक मित्र मेस्सीचा भक्त, त्यादिवशी ऑफिसला दांडी मारून टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेला. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टी घातली आणि मॅच संपेपर्यंत अर्जेंटिना १-२ ने हरून बसली. मग याचा फोन, सुरुवातच शिव्यांनी. मी म्हटलं अरे सौदीने अख्ख्या मॅचमध्ये शॉट मारले तीन आणि त्यातले दोन आत गेले, एक्सजी (म्हणजे मिळालेल्या चान्सवरून अपेक्षित गोल) काढलास तर त्यांचा पाव गोलसुद्धा होत नाही. तर म्हणतो, "पाव गोल असतोय व्हय कुठं?"

असतोय. म्हणजे कागदावर असतोय.

फुटबॉलची अडचण ही की गोल फार कमी होतात, मॅचमागे दोन-तीन, आणि इतक्या कमी आकड्यांत नशिबाचा वाटा भरपूर. बास्केटबॉलमध्ये शंभर-शंभर पॉइंट होतात, एखादा बॉल रिंगवरून बाहेर आला तरी शेवटी हिशोब जमतो, इथे मात्र पोस्टला लागून आत की बाहेर यावर मॅच जाते. म्हणून गोलऐवजी चान्स मोजायचे. आधीचे हजारो शॉट घ्यायचे, प्रत्येकात गोलपासून अंतर किती, कोन काय, पायाने मारला की डोक्याने, मधे डिफेंडर किती होते हे बघायचं आणि तशा शॉटचे शंभरात किती गोल झाले ते काढायचं, बस. शंभर पेनल्टींत पंचाहत्तर ते ऐंशी आत जातात, म्हणून पेनल्टी ०.७५ च्या थोडी वर. बॉक्सबाहेरून हाणलेला शॉट दोन-तीन शतांशांचा. सगळ्या शॉटची बेरीज केली की टीमचा एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजेच एक्सजी.

आता यातली गंमत बघा. एका टीमने ०.५ चे ४ शॉट मारले, दुसरीने ०.१ चे २०. दोघींचा एक्सजी २ च. पण पहिलीचा एकही गोल न होण्याची शक्यता ०.५ चा चौथा घात, म्हणजे साधारण ६ टक्के, आणि दुसरीची ०.९ चा विसावा घात, म्हणजे १२ टक्के. बेरीज सारखी असून कोरडं राहायचा धोका दुप्पट! त्यामुळे मॅच संपल्यावर स्क्रीनवर २.० दिसलं की मी आधी शॉट किती ते बघतो.

बरं, आकडे मोजणं हे काही आजचं खूळ नाही. चार्ल्स रीप नावाचे ब्रिटिश हवाई दलातले अकाउंटंट मार्च १९५० मध्ये स्विंडन या इंग्लिश क्लबची मॅच बघताना वैतागले आणि हाफटाइमनंतर वहीत प्रत्येक हल्ला टिपायला लागले, आणि मग वर्षानुवर्षं टिपतच राहिले. १९६८ मध्ये एका संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी पेपरही लिहिला. त्यांचा लाडका निष्कर्ष असा की ८० टक्क्यांच्या आसपास गोल तीन किंवा कमी पासमध्ये होतात, तेव्हा उगाच पास खेळत बसू नका, बॉल लांब पुढे फेका. इंग्लिश फुटबॉलवर याचा बराच काळ पगडा होता. आता त्यांचाच दुसरा आकडा बघा, मुळात ९१ टक्क्यांहून जास्त हल्ले तीन किंवा कमी पासमध्येच संपायचे. म्हणजे ९१ टक्के हल्ल्यांतून ८० टक्के गोल, आणि उरलेल्या जेमतेम ९ टक्क्यांतून २० टक्के! भागाकार केला तर लांबलेला हल्ला दुपटीहून जास्त फायद्याचा निघतो. (अर्थात चांगल्या टीमच जास्त पास जुळवतात हेही आहेच, त्यामुळे सगळं श्रेय पासला देऊ नका.) वह्या भरणारा माणूस छेद बघायला विसरला याचं मला अजून नवल वाटतं.

एक्सजीचा खरा कस लागतो तो लांब पल्ल्यावर. २०१४-१५ मध्ये कोच युर्गन क्लॉपची डॉर्टमुंड जर्मन लीगमध्ये १७ मॅचनंतर १५ पॉइंट घेऊन १८ टीममध्ये सतराव्या नंबरवर होती, रेलिगेशनची, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची टांगती तलवार. पण चान्स मोजणारे म्हणत होते की टीम इतकी वाईट खेळतच नाहीये, बॉल आत जात नाहीये एवढंच. उरलेल्या १७ मॅचमध्ये ३१ पॉइंट आले, सीझन सातव्या नंबरवर संपला. तेव्हा लिव्हरपूल या इंग्लिश क्लबमध्ये इयान ग्रॅहम हा केंब्रिजचा फिजिक्सवाला डेटाचं काम बघायचा, त्याच्या मॉडेललाही तो सीझन बॅड लकच वाटला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला कोच म्हणून आला आणि २०२० मध्ये क्लबने ३० वर्षांनी इंग्लिश लीग जिंकली.

प्लेयरच्या बाबतीत मी जरा जपूनच असतो. आकडे ९० मिनिटांमागे काढायचे हे तर झालंच, नाहीतर रोज पूर्ण मॅच खेळणारा उगाच भारी दिसतो. पण एखाद्याने एक्सजीपेक्षा चार गोल जास्त मारले की तो ग्रेट फिनिशर, असं एका सीझनवर ठरवू नका, पुढच्या सीझनला बहुतेक जण खाली येतात, मेस्सीसारखे मोजकेच वर्षानुवर्षं वर राहतात.

हे सगळं मित्राला ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "ते फर्स्ट हाफमधलं ऑफसाइडचं तीन गोल तुझ्या त्या एक्सजीत धरल्यात काय?" नाही धरले. अर्जेंटिनाचे ते तिन्ही गोल रद्द झाले होते, कारण पास सुटताना त्यांचा माणूस डिफेंडरांच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड होता, आणि ऑफसाइडचा शॉट हिशोबात येतच नाही. आणि सौदीची बॅकलाइन, म्हणजे डिफेंडरांची रांग, त्या दिवशी मुद्दाम एवढी वर उभी होती की अर्जेंटिना १० वेळा ऑफसाइड सापडली, म्हणजे त्यांच्या डिफेन्सचं सगळ्यात मोठं काम शॉटच्या यादीत कुठे दिसतच नाही. गड्याने बरोबर पकडलं होतं.