पायथन ‘स्क्रिप्टिंग’ आहे, मग ‘खरी’ लँग्वेज कधी?

नौपाड्यात माझ्याकडे मुलं प्रोग्रॅमिंग शिकायला येतात. प्रत्येक नव्या बॅचला एक तरी पालक विचारतातच, “सर, पायथन म्हणजे स्क्रिप्टिंग ना? मग खरी लँग्वेज कधी सुरू करणार?” हा प्रश्नच मला खटकतो, कारण त्यापायी मुलं हातातली भाषा अर्धवट सोडून दुसरीकडे धावतात.

‘खरी’ म्हणजे त्यांच्या मनात सी किंवा जावा, ती बहुतेकांनी कॉलेजात केलेली असते. लिहा, कंपाइल करा (म्हणजे अख्खा प्रोग्रॅम चालवण्याआधी तपासून दुसऱ्या रूपात बदलून घ्या), चालवा. ते उगाळत नाही.

स्क्रिप्टिंग हे मुळात कामाचं नाव. आधीपासून असलेल्या सिस्टिमकडून किंवा प्रोग्रॅमकडून चार कामं करून घेते ती स्क्रिप्ट. ठाणे स्टेशनबाहेरची रिक्षा शेअरही जाते आणि मीटरनेही जाते, गाडी तीच असते. पायथनमध्ये शंभर फोटोंची नावं बदलणारी दहा ओळींची स्क्रिप्ट होते, आणि इन्स्टाग्रामचा सर्व्हरही पायथनवरच उभा आहे. १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मलेली जावास्क्रिप्ट २००९ मध्ये आलेल्या नोडमुळे (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर रुळली. बॅशसारख्या (लिनक्सला टाइप करून आज्ञा देण्याची भाषा) काही भाषा मात्र खरोखरच स्क्रिप्टिंगसाठी घडवलेल्या आहेत.

“पायथन इंटरप्रिटेड (म्हणजे आधी न बदलता थेट ओळीओळीने चालणारी), जावा कंपाइल्ड” हे पाठ केलेलं उत्तरही अर्धंच. पायथनची एक फाइल दुसरीत इम्पोर्ट करून चालवा आणि शेजारी तयार झालेला पायकॅश फोल्डर उघडा. आतली फाइल म्हणजे बाइटकोड, तुमच्या प्रोग्रॅमचं कंपाइल केलेलं मधलं रूप. जावाही आधी बाइटकोडच बनवते.

मग नवशिक्याला खरा फरक कुठे जाणवतो? चूक कधी पकडली जाते, तिथे.

माझ्या एका विद्यार्थ्याने सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. थकबाकी असेल तरच व्याज लावायचं, अशी अट होती. वर नाव दिलं होतं ‘व्याजदर’, अटीच्या आत चुकून लिहिलं ‘व्याजदार’. तीन महिने बिलं बिनबोभाट निघाली, कारण सगळे वेळेवर पैसे भरत होते. चौथ्या महिन्यात एका फ्लॅटचे पैसे थकले, पायथन पहिल्यांदा त्या ओळीवर पोचलं आणि नेमएरर (‘हे नाव माहीत नाही’) देऊन थांबलं. उरलेली बिलं अडकली. हीच चूक जावात केली असती तर पहिलं बिल निघायच्या आधीच कंपायलरने ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ म्हणून अडवलं असतं. पायथन नावं शोधतं ते ओळ चालताना, जावा शोधते चालवण्याआधी. डेटाच्या प्रकारांचंही तसंच: आकड्याच्या जागी मजकूर दिला, तर जावा आधीच हटकते.

म्हणून पायथनमध्ये प्रत्येक अटीची दोन्ही तोंडं मुद्दाम चालवून बघायची. वेळेवर भरणारा एक फ्लॅट आणि थकवणारा एक फ्लॅट, दोघांची बिलं पहिल्याच दिवशी काढायची. हे मी पहिल्या आठवड्यापासून करून घेतो.

सेमिकोलन, महिरपी कंस, कमी ओळी, वेग या फरकांवर नवशिक्याने एक संध्याकाळही घालवू नये. जावा आणि जावास्क्रिप्ट या वेगळ्या भाषा आहेत, आणि वेबपानाची मांडणी सांगणारी एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंग लँग्वेजच नाही. बायोडेटात ती सी-शेजारी मांडलेली दिसली की मी खोडायला लावतो.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी सहा महिने फक्त पायथन, त्यात घरचा एखादा हिशेब चालेल एवढा प्रोग्रॅम. मग तोच प्रोग्रॅम जावात पुन्हा लिहायचा. त्या विद्यार्थ्याचं मेंटेनन्स बिल सध्या त्याच टप्प्यावर आहे.