शुश्रूषा करणाऱ्याची जखम

जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर या ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधक. १९९५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली. त्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या आणखी १३ जणींनाही तशीच. या दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सांभाळणाऱ्या बायकांना जवळपास ४९ दिवस लागले. मनावरचा ताण कातडीपर्यंत पोचला होता.

हा ताण नुसत्या कामाचा नसतो. तिन्हीसांजेला सासूबाई पिशवी भरून दाराशी येतात, ‘मला घरी सोड’ म्हणतात. हेच आपलं घर, असं विसाव्यांदा सांगताना सुनेचा आवाज चढतो आणि मग रात्रभर तिला तेच खात राहतं. कधी ‘सुटतील तर बरं’ असं मनात येऊन जातं, त्याची लाज वेगळीच. माणूस समोर बसलेलं असतं, पण आपल्याला ओळखत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा धूसर वियोगावर आयुष्यभर काम केलं. या दुःखाला दहावं-तेरावं नसतं, भेटायला कुणी येत नाही. आलेले पाहुणेही ‘आता कशा आहेत त्या?’ एवढंच विचारतात. सेवा पुण्याची, म्हणून दमलेय म्हणायचं नाही, हा आपल्याकडचा दंडक मला क्रूर वाटतो.

यावर गोव्यात झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांचा अभ्यास करून २००८ साली तो प्रसिद्ध केला. या कुटुंबांच्या घरी मदतीला जाणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. आजार काय आहे, चिडचिड कशी हाताळायची, घरातल्या बाकीच्यांना कामाला कसं लावायचं, हे ती सांगत. अडलं तर मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. रुग्णाचं वागणं फारसं बदललं नव्हतं, पण त्या वागण्याचा होणारा त्रास कमी झाला होता.

असा सल्लागार दारी येत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फोन सांभाळणाऱ्यानेच, स्वतःसाठी करायचा. आणि दूर राहणाऱ्या भावंडांनी ‘काही लागलं तर सांग’ म्हणण्याऐवजी महिन्यातल्या दोन रात्री स्वतःकडे घ्याव्यात. झोप मागून मिळत नाही.