बे एके बे, आणि मधला उशीर

२०२०च्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीने तिसरीच्या वर्गाकडून ऑनलाइन पाढे म्हणवून घ्यायचं ठरवलं. पंचवीसेक वर्षं प्राथमिक शाळेत काढलेली बाई. पाढे एका सुरात, एका ठेक्यात म्हटले की पक्के बसतात यावर तिची गाढ श्रद्धा. सगळ्यांचे माइक चालू करायला लावले आणि सुरुवात केली. ‘बे एके बे’ कसंबसं जमलं. ‘बे दुणे चार’ला फाटाफूट झाली. कुणी अजून ‘बे एके’वर, कुणी ‘बे त्रिक सहा’ला पोचलेलं, मध्येच एखादा आवाज नळाला पाणी येताना खरखर होते तसा तुटत येणारा, आणि सगळं मिळून हळू हळू होत ‘बे चोक’पाशी थांबलंच. संध्याकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, “पोरांना पाढे येतात रे. माझ्या फोनला येत नाहीत.”

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे फोनला पाढे का येत नाहीत हे समजावून सांगणं माझ्याकडे आलं. त्या वेळी मी तिला जे सांगितलं ते अर्धवट होतं. पुढे वाचत गेलो, आणि स्वतःच्या वर्गात हात भाजून घेतले.

मुलाच्या तोंडातला ‘बे’ माइकमध्ये शिरला की त्याचे तुकडे होतात. एक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकड्याचे आकडे केले जातात, ते दाबून लहान केले जातात, त्याची पुडी बांधली जाते आणि ती मोबाइल टॉवरकडे रवाना होते. तिथून केबलने सर्व्हरकडे, आणि सर्व्हरकडून वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनकडे. या पुड्या ठरलेल्या अंतराने निघतात, पण पोचतात मात्र वाटेल तशा: दोन पटकन, तिसरी रेंगाळत, चौथी गायब. आल्या तशा वाजवल्या तर आवाज अडखळेल. म्हणून तुमचा फोन थोडा दम धरतो. मागून दोघं पळत येतायत म्हणून एसटीचा कंडक्टर बेल द्यायला क्षणभर थांबतो ना, तसं. फार उशीर करणाऱ्या पुडीसाठी मात्र गाडी थांबत नाही. कारण मागे राहिलेला ‘बे’ उशिरा आला तर तो ‘दुणे’च्या डोक्यावर बसेल. ती जागा फोन आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढतो. अशा अंदाजांची गर्दी झाली की आपल्याला सर यंत्रमानवासारखे बोलताना ऐकू येतात.

हे बांधणं, पाठवणं, थांबणं, उलगडणं सगळं मिळून उशीर होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, म्हणजे बोलणं सहज होतं. आणि ४००च्या वर तर जाऊच देऊ नये. आता ताईच्या वर्गातला उशीर ३०० मिलिसेकंद धरला, तर तो म्हणजे किती? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सात मीटर लांबीच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला पहिल्या बाकाचा आवाज २० मिलिसेकंदांनी ऐकू येतो आणि पाढे जमतात. ३०० मिलिसेकंदांत आवाज शंभर मीटर जाईल. म्हणजे ताईने तिसरीतली मुलं शंभर मीटरच्या धावपट्टीच्या दोन टोकांना उभी करून त्यांना एका सुरात पाढे म्हणायला लावल्यासारखं झालं. बरं, धावपट्टीवर निदान अंतर तरी ठरलेलं असतं. इथे प्रत्येक मुलाचा उशीर वेगळा, आणि तोही दर क्षणाला बदलणारा.

ठेका मंदावत का गेला, याचंही उत्तर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांच्या टाळ्या ऐकत ठेका धरायला सांगण्याचे प्रयोग झाले. मधला उशीर अगदी थोडा असेल तर टाळ्या किंचित वेग घेतात. उशीर वाढवला की लय पडत जाते, कारण प्रत्येक जण समोरच्यासाठी थांबतो आणि समोरचा याच्यासाठी. पहले आप, पहले आप.

याउपर आणखी एक भानगड. ताईचा आवाज मुलाच्या फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतो आणि त्याच फोनच्या माइकमध्ये परत शिरतो. तो तसाच परत गेला तर ताईला आपलाच प्रतिध्वनी ऐकू येईल. म्हणून सॉफ्टवेअर माइकमध्ये आलेल्या आवाजातून स्पीकरचा आवाज वजा करतं. एका वेळी एकच बोलत असेल तर हिशोब चोख. दोघं एकदम बोलले की वजाबाकीत मुलाचा खरा आवाजही थोडा कापला जातो. म्हणजे ‘एका वेळी एकानेच बोला’ हा दटावणीचा नियम फोनने आपल्या परीने लागू केलेला असतो.

पाढ्यांचं एक वेळ सोडा. मोठ्यांच्या वर्गात हाच उशीर दिसत नाही, आणि म्हणून जास्त नडतो.

दोन माणसं गप्पा मारताना एकाचं वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषेप्रमाणे थोडाफार फरक होता, पण सरासरी निघाली सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद. विचार करून उत्तर जुळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार हे ताडतो आणि आपलं वाक्य तयार ठेवतो. लहानपणापासून घोटलेलं हे कसब आहे. त्यात जाता-येता मिळून अर्ध्या सेकंदाची पाचर मारली की काय होतं? मी विचारतो, “कळलं का?” पोरगा लगेच “हो सर” म्हणतो, पण माझ्यापर्यंत ते पोचायच्या आत मला शांतता ऐकू येते. मी अस्वस्थ होऊन पुढचं वाक्य सुरू करतो, त्याचं “हो सर” माझ्या वाक्यावर आदळतं, तो गप्प होतो. असं तीनदा झालं की तो पुन्हा तोंड उघडत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की फोनवर असा उशीर घुसवला तर लोक यंत्राला दोष देत नाहीत. समोरच्या माणसाचंच लक्ष नाही असं त्यांना वाटू लागतं. लॉकडाउनमध्ये ‘ही पिढीच थंड आहे’ असं मी स्टाफरूमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं होतं. ते आता वाचवत नाही.

प्रश्न विचारून थांबण्याच्या बाबतीत आम्ही शिक्षक तसेही उतावीळच. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबा म्हटल्यावर उत्तरं लांब येऊ लागली, कारणं देऊन येऊ लागली, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. हे समोरासमोरच्या वर्गातलं. ऑनलाइन मुलाने माइकचं बटण शोधायचं, घरातल्या कुकरच्या शिट्टीचा अंदाज घ्यायचा, मग बोलायचं. मी मनात दहा आकडे मोजायला लागलो. पहिल्या दिवशी ते दहा आकडे एखाद्या तासासारखे गेले.

दुसरी एक युक्ती जास्त कामाची निघाली. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहून ठेवायचं, पण मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. ‘सोडा’ म्हटलं की उत्तरांची सर येते. हुशार मुलाचं उत्तर आधी वाचून बाकीच्यांनी तेच उतरवणं थांबलं, आणि कुणाचा उशीर शंभर मिलिसेकंद, कुणाचा पाचशे, याला काही अर्थच उरला नाही.

अमेरिकेतले एक शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये वाद उभा केला होता: माध्यमाने शिकण्यात फरक पडत नाही, किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपल्या आहाराचा कस बदलत नाही तसंच. मुद्दा बराचसा पटतो. फक्त ट्रकमध्ये तांदूळ आहेत की दूध, हे बघावं लागतं. अर्ध्या सेकंदाने नासणाऱ्या गोष्टी कोणत्या आणि अर्धा दिवस टिकणाऱ्या कोणत्या, एवढं ओळखता आलं की ऑनलाइन शिकवणं निम्मं जमलं, असं माझं मत झालंय.

व्याख्यान, उदाहरणार्थ, तांदूळ. ते थेटच ऐकलं पाहिजे असं काही नाही. पण मग ते किती लांब असावं? २०१४ मध्ये एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संस्थळावरच्या ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओ-सत्रांची छाननी झाली. व्हिडिओ कितीही लांब असो, निदान निम्मी सत्रं तरी सहा मिनिटांच्या आतच संपत होती. यावरून ‘मुलांचं लक्ष सहाच मिनिटं टिकतं’ असा मंत्र अनेक प्रशिक्षणांत जपला जातो, तो खोटा आहे. हे आपखुशीने बघणारे, वाटेल तेव्हा बंद करू शकणारे लोक होते. तीच माणसं तीन तासांचा सिनेमाही बघतात. लांबीपेक्षा मला २०१३चा एक प्रयोग मोलाचा वाटतो. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं ऑनलाइन व्याख्यान चार भागांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, दुसऱ्यांना शेवटीच. मध्येमध्ये चाचणी देणाऱ्यांचं मन इतरांच्या निम्म्याहून कमी वेळा भरकटलं, त्यांच्या नोंदी वाढल्या, आणि शेवटच्या परीक्षेची धास्तीही कमी झाली.

स्लाइडवरचं वाक्य शब्दशः वाचून दाखवणं मात्र कुठल्याच लांबीत माफ नाही. डोळे जिभेपेक्षा वेगाने वाचतात; तेच शब्द दोन वेगांनी मेंदूत शिरतात आणि मुलाची शक्ती त्यांची जुळवणी करण्यात जाते. चित्र दाखवा आणि बोला. मी दोन स्टीलचे डबे, वर लाकडी फुटपट्टी, तिच्यावर कॅमेरा खाली करून ठेवलेला फोन आणि खाली वही अशी मांडणी केली. व्हिडिओ दाबून लहान करताना आधी बारीक रेषा जातात, त्यामुळे मागच्या फळ्यावरचा खडू पुसट धुकं होतो. वहीवर जवळून लिहिलेला जाड पेनाचा आकडा टिकतो. शिवाय उत्तर हळूहळू उमटताना दिसतं, अख्खी स्लाइड अंगावर आदळत नाही.

कॅमेरे चालू ठेवण्याच्या सक्तीबद्दल एक हिशोबच मांडतो. बोलणं स्वच्छ ऐकू यायला सेकंदाला ३२ किलोबिट पुरतात. तासाला साधारण १४ एमबी. माफक व्हिडिओला सेकंदाला ६०० किलोबिट धरले तर तासाला २७० एमबी. चार तास झाले की एक जीबी गेला. रोजचा दीड जीबी मिळणाऱ्या घरात दोन भावंडं असली तर धाकट्याने काय करायचं? आणि तो दीड जीबीसुद्धा ज्यांच्याकडे होता त्यांची गोष्ट. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. मी कॅमेऱ्याचा आग्रह सोडला. चेहरे न बघता वर्ग समजतो का, तर समजतो, पण त्यासाठी प्रश्न चांगला लागतो.

अकरावीच्या वर्गात मी हा टाकला: सरळ वर फेकलेला चेंडू अगदी वरच्या टोकाला पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? शून्य, ९.८ खालच्या दिशेने, की ९.८ वरच्या दिशेने? आधीच्या तासाला ‘कळलं का’ला सगळ्यांनी ‘हो सर’ म्हटलेलं. मतदानात निम्म्याहून जास्त मतं शून्याला पडली. हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी १९९१ पासून वापरलेली पद्धत मी उचलली: बरोबर उत्तर सांगायचं नाही, चौघाचौघांत वाद घालू द्यायचा, पुन्हा मत घ्यायचं. फळ्यासमोरच्या वर्गात हात वर करायला लाजणारी मुलं इथे बिनदिक्कत चुकत होती, कारण मत कुणाचं ते दिसत नव्हतं. हे एक काम ऑनलाइन वर्ग खरोखर जास्त चांगलं करतो. मुलांना मात्र अशा तासांत आपण कमी शिकलो असं वाटतं. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच मोजलं गेलं: धडपडून शिकलेल्या विद्यार्थ्यांना गुण जास्त मिळाले, पण गुळगुळीत व्याख्यान ऐकलेल्यांना आपणच जास्त शिकलो असं वाटत होतं.

आठवड्याने मी तोच प्रश्न जरा वेष बदलून पुन्हा विचारला. तेही आगाऊपणा म्हणून नव्हे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दोन गटांना एक उतारा दिला. एकाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. इथे उशीरच कामाला येतो. थोडं विसरलं गेल्यावर आठवायला लावलं की पक्कं बसतं.

वर्गातल्या एका मुलाच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर दिवसभर टेम्पोवर असायचा. मुलगा थेट तासाला कधीच नव्हता. त्याच्यासाठी मी चेंडूचा प्रश्न आवाजात बोलून व्हॉट्सअॅपवर टाकला, दुपारी तीनला. वडील घरी आल्यावर, रात्री दहाला, त्याने तो ऐकला असणार. पावणेअकराला त्याचं उत्तर आलं. मागे रातकिडे, आणि आईचं ‘हळू बोल रे, धाकटा झोपलाय’. तो कुजबुजत सांगत होता: “सर, त्वरण शून्य नाय. शून्य असतं तर बॉल तिथंच लटकून राहिला असता ना?”