पर्यायी केंद्रावरची माणसे: व्यवसाय सातत्य प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11:40 वाजता राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) व्यवहार थांबवले, आणि ते दुपारी 3:45 वाजता पुन्हा सुरू होऊन 5 वाजेपर्यंत चालले. दोन टेलिकॉम सेवादारांच्या जोडण्यांत अडचण आल्याने ऑनलाइन जोखीम-व्यवस्थापन यंत्रणेवर परिणाम झाल्याचे एनएसईने त्या दिवशी सांगितले. मात्र नंतरच्या चर्चेत बिघाडापेक्षा दुसराच प्रश्न पुढे आला: मुख्य केंद्र बंद पडल्यास कामकाज चालवण्यासाठी ठेवलेले पर्यायी केंद्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातली 'डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट', उभे असताना कामकाज तिकडे का हलवले गेले नाही? या प्रश्नामागे व्यवसाय सातत्याचा, म्हणजे संकटातही संस्थेचे कामकाज चालू ठेवण्याच्या तयारीचा, जवळपास अर्ध्या शतकाचा इतिहास आहे, आणि 'प्रशिक्षण नेमके कोणाला द्यायचे' या एका मुद्द्याचे उत्तर त्यात वारंवार बदलत गेलेले दिसते.

सुरुवातीचे उत्तर सोपे होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आणीबाणीसाठी पर्यायी संगणक केंद्र भाड्याने देण्याचा धंदा उभा राहिला, तेव्हा आपत्ती म्हणजे संगणक बंद पडणे, आणि प्रशिक्षित माणूस म्हणजे माहिती साठवलेल्या टेप घेऊन दुसऱ्या केंद्रावर जाणारा ऑपरेटर, असा हिशेब होता. बाकीच्या कर्मचाऱ्यांचा या विषयाशी फारसा संबंध येत नसे.

1993 साली अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने हा हिशेब दोन शहरांत मोडला. 26 फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला आणि 12 मार्चला मुंबईच्या साखळी स्फोटांत शेअर बाजाराची इमारत लक्ष्य झाली. न्यूयॉर्कच्या स्फोटातून धडा घेतलेला माणूस म्हणून रिक रेस्कोर्ला यांचे नाव या क्षेत्रात आजही घेतले जाते. मूळचे कॉर्नवॉलचे आणि व्हिएतनाम युद्धात लढलेले रेस्कोर्ला पुढे मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेचे सुरक्षाप्रमुख झाले. दक्षिण मनोऱ्यातील आपल्या कर्मचाऱ्यांना ते अचानक ड्रिल करायला लावत: काम हातावेगळे न करता उठायचे, जिन्यापाशी जमायचे आणि दोघा-दोघांच्या रांगेने खाली उतरायचे. फोनवर सौदा करत असलेल्या दलालाला मध्येच उठवणे ही काही लोकप्रिय गोष्ट नव्हती. 11 सप्टेंबर 2001 रोजी शेजारच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यावर दक्षिण मनोऱ्यात 'जागेवरच थांबा' अशी घोषणा झाली. ती बाजूला सारून रेस्कोर्लांनी हातात भोंगा घेऊन माणसे खाली उतरवायला सुरुवात केली. संस्थेचे सुमारे 2,700 कर्मचारी वाचले. मागे राहिलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेलेले रेस्कोर्ला मात्र परतले नाहीत.

या घटनेचा अर्थ बहुतेकदा 'ड्रिल कामी आले' एवढाच लावला जातो, आणि तो माझ्या मते अपुरा आहे. जिना कुठे आहे हे कर्मचाऱ्यांना सरावाने ठाऊक झाले होते, हे खरेच. पण घोषणेविरुद्ध निर्णय घेण्याची तयारी असलेला आणि तसा अधिकार वापरणारा माणूस तिथे होता, हे तितकेच महत्त्वाचे होते.

पुढच्या काळात प्रशिक्षणाला नियमांत जागा मिळाली. ब्रिटनच्या बीएस 25999 या मानकाने (पहिला भाग 2006, दुसरा 2007) व्यवसाय सातत्य हे संस्थेच्या संस्कृतीत रुजवण्याची गोष्ट मानली, तर 2012 साली आलेल्या आयएसओ 22301 या आंतरराष्ट्रीय मानकाने सक्षमता आणि जाणीव यांच्यासाठी स्वतंत्र कलमे ठेवली. हा भेद बारीक वाटला तरी कामाचा आहे. आपल्या मजल्याचा वॉर्डन, म्हणजे संकटात माणसांना बाहेर काढण्याची जबाबदारी असलेला सहकारी, कोण हे सगळ्यांना माहीत असणे म्हणजे जाणीव, आणि कामकाज पर्यायी केंद्रावर फिरवता येणे म्हणजे सक्षमता. वर्षातून एकदा संगणकावर पंचवीस स्लाइड भराभर पुढे ढकलून मिळणारे प्रमाणपत्र फार तर जाणिवेच्या खात्यात जमा होते.

भारतात रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2005 रोजी बँकांना व्यवसाय सातत्य नियोजनाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आतच, 26 जुलैला, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद पडल्या, रस्ते पाण्याखाली गेले, आणि ठरलेला माणूस ठरलेल्या जागी पोहोचेलच हे गृहीतक मुंबईपुरते तरी वाहून गेले. एकाच कामासाठी दोन-तीन जणांना तयार करण्याची गरज तेव्हा ठळक झाली. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः हीच गरज वेगळ्या प्रकारे भागवली. अधिकारी, कर्मचारी आणि सेवा पुरवठादार मिळून 150 जण विलगीकरणात राहून अहोरात्र अत्यावश्यक कामे सांभाळत असल्याचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 27 मार्चला सांगितले. अशा निवडक माणसांवर देशाची देयक व्यवस्था सोपवायची, तर ती कामे त्यांना आधीपासून येत असायला हवीत.

एनएसईच्या त्या बुधवारनंतर महिन्याभरात, मार्च 2021 मध्ये, भांडवल बाजाराच्या नियामक सेबीने शेअर बाजारांसारख्या बाजार संस्थांसाठीचे नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा ठप्प झाल्यास 30 मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत कामकाज पर्यायी केंद्रावरून सुरू करायचे, असे बंधन आले. त्याचबरोबर, मुख्य केंद्रावरच्या माणसांना न बोलावता थेट व्यवहार चालवता येतील इतके प्रशिक्षित कर्मचारी पर्यायी केंद्रावर असावेत, अशी अटही आली. पूर्वी संगणकाला पर्याय मागणारा नियम आता माणसालाही पर्याय मागू लागला.

शनिवार, 2 मार्च 2024 रोजी बाजारांनी विशेष सत्र घेतले: सकाळी 9:15 ते 10 मुख्य केंद्रावरून आणि 11:30 ते 12:30 पर्यायी केंद्रावरून. तारीख आणि वेळा आधीच जाहीर असल्याने त्यात यंत्रांची आणि पर्यायी केंद्रावर बसलेल्या कर्मचाऱ्यांची परीक्षा झाली. पहिल्या तीस मिनिटांत 'आपत्ती' हा शब्द उच्चारायचा की नाही, हे ठरवण्याची वेळ त्या दिवशी कोणावर आली नाही.