वायू मिसळल्यावर गार झाला, पण कशामुळे? मिश्रण-उष्णता की जूल-थॉमसन?

फ्लो कॅलरीमीटरमध्ये (वाहत्या वायूची उष्णता मोजणारं उपकरण) दोन वायू एकत्र सोडले आणि बाहेर पडताना तापमान 0.1 अंशाने उतरलं, की ही मिश्रणाची उष्णता असं आपण लिहून मोकळे होतो. पण तेवढंच तापमान जूल-थॉमसन परिणामानेही, म्हणजे अरुंद वाटेतून जाताना नुसता दाब पडल्यानेही उतरतं, आणि थर्मामीटरला त्यातला फरक कळत नाही.

मिश्रण-उष्णतेला दोन वेगळे वायू लागतात. दाब, तापमान तेच ठेवून ते मिसळताना जी उष्णता घेतली किंवा सोडली जाते ती ही. आदर्श वायूंसाठी ती शून्य, कारण तिथे रेणूंमध्ये ओढच नसते. खऱ्या वायूत आपल्या जातीच्या रेणूशी असलेली ओढ वेगळी, परक्याशी वेगळी, तो फरक उष्णता होऊन दिसतो आणि कमी दाबाला तो दाबाच्या प्रमाणात वाढतो.

जूल-थॉमसनला एकच वायू पुरतो. दाब पडला की तापमान बदलतं, बस. खोलीच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइड दर बारमागे साधारण 1 अंश गार होतो, नायट्रोजन 0.2 च्या आसपास, हेलियम तर उलट किंचित तापतो.

आता खरी अडचण बघा. वायू नीट मिसळावेत म्हणून चेंबरमध्ये जाळ्या नाहीतर बारीक भोकं ठेवतात आणि दाब नेमका तिथेच पडतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड असेल तर 0.1 बार पडला तरी 0.1 अंश गेला, जो कमी दाबाच्या मिश्रण-उष्णतेच्याच तोडीचा आहे!

मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे त्याच प्रमाणात आधीच मिसळलेला वायू दोन्ही नळ्यांतून तेवढ्याच फ्लोने सोडायचा. आता मिसळायला काही उरलंच नाही, तरी जे तापमान बदलेल ते जूल-थॉमसनचं, ते वजा करा. नुसता शुद्ध वायू सोडून हे जमत नाही कारण मिश्रणाचा जूल-थॉमसन गुणांक (दर बारमागे तापमान किती बदलतं तो आकडा) वेगळा असतो.

आणि फ्लो बदलून बघाच. मिश्रण-उष्णता दर मोलला तेवढीच राहते, पण फ्लो वाढवला की दाबातली घट वाढते, फार कमी केला की बाहेरून झिरपणारी उष्णता आकडा बिघडवते, त्यामुळे मधल्या ज्या पट्ट्यात आकडा हलत नाही तिथलंच रीडिंग धरायचं.