नागपूर परिसरातील धान्ये

नागपूर शहर वसले आहे तिथे ज्वारीचा मुलूख संपतो आणि धानाचा सुरू होतो. पश्चिमेला वऱ्हाड, पूर्वेला झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा धानाचा मुलूख. शेतातल्या पिकाला इथे ‘धान’ म्हणतात, ‘भात’ फक्त ताटात असतो. भंडाऱ्याकडे जाऊन ‘भाताची शेती’ म्हणणारा माणूस बाहेरचा आहे, हे लगेच ओळखू येते.

ही सीमा खडकाने आणि पावसाने आखलेली आहे. दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडची कड नागपूरजवळ येते. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची आहे. तिच्या पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे ओल धरून ठेवणारी काळी जमीन. पूर्वेला त्याहून जुने खडक आणि बांध घालून पाणी अडवता येईल अशी जमीन. पाऊसही पूर्वेकडे वाढत जातो. नागपुरात वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पडतो आणि झाडीपट्टीत त्याहून जास्त. पेंच प्रकल्पाच्या कालव्यांनी रामटेक, पारशिवनी, मौदा भागातल्या धानाला आधार दिला.

खरिपाची ज्वारी निव्वळ पावसावर साडेतीन-चार महिन्यांत हाती येई. सोबत तुरीच्या ओळी असत. तूर जमिनीला नत्र देई, ज्वारी माणसाला दाणा आणि बैलाला कडबा. पण कापणीच्या सुमारास पाऊस लांबला की कणसाला बुरशी लागून दाणा काळा पडतो, उरलेला पाखरे आणि रानडुकरे खातात. १९८० नंतर सोयाबीन पसरले आणि बहुतेक वावरांतून ज्वारी गेली. त्याच सुमारास हमखास पैसा देणारे पीक समोर आले, म्हणून शेतकऱ्याला दोष देता येत नाही. मात्र ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार जनावरे खातात खरी, पण कडब्याची सर त्याला नाही. जनावरे घटली तसे शेणखतही कमी झाले.

धानाचा संसार वेगळा. आधी पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे, मग चिखल करून बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, रोवणी करायची. मळणीनंतर उरलेल्या तणसीचे ढीग घरामागे रचलेले दिसतात. या शेतीचा कणा म्हणजे तलाव. गोंड राजवटीत व पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळात, विशेषतः कोहळी समाजाच्या कसबाने, पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कोणाच्या मामाशी त्याचा संबंध नाही. या तलावांवर मासे, कमळकंद आणि पाणपक्षीही पोसले जातात. गाळ उपसला गेला नाही तेव्हा हे सगळेच आटत गेले. दुसरीकडे, साचलेल्या पाण्यातल्या बांध्यांतून मिथेन वायू सुटतो, हा धानशेतीचा पर्यावरणावरचा भार आहे.

उभ्या धानातच लाखोळी हे कडधान्य फेकून पेरण्याची रीत जुनी आहे. धान कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. नांगरट नको, पाणी नको. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खावी लागली तर पाय लुळे पडतात, या कारणाने १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. झाडीपट्टीतल्या घरांतून तिची डाळ आणि भाजी मात्र गेली नाही.

नागपूरच्या ताटातला रोजचा तांदूळ बराचसा ‘एचएमटी’ असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या राखून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी हे वाण उभे केले. तेव्हा एचएमटी घड्याळे जोरात होती, नाव तिथूनच आले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

व्यापाराचे जुने ठिकाण इतवारी, आताचे कळमना. मुंबईहून रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात आली आणि इथला गहू व जवस बंदराकडे जाऊ लागला. १८८० च्या दशकाच्या आरंभी मीटरगेज मार्ग राजनांदगावपर्यंत पोचला आणि छत्तीसगडचा तांदूळही या वाटेने येऊ लागला.

स्वयंपाकघरात आज गहू आणि तांदळाचे राज्य आहे. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरताना गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात, तांदळाला एरंडेल चोळतात. गव्हाची लांब पोळी हातावर ताणत नेऊन उपड्या मडक्यावर टाकली जाते. हे काम पाहायलाच हवे. तांदळाचे पोहे हरभऱ्याच्या तर्रीखाली बुडतात, डाळीचे गोळे आणि वडे भातात जातात. ज्वारीच्या वाट्याला अंबाडीच्या भाजीबरोबरच्या कण्या, थंडीतला हुरडा आणि पाहुण्यांसाठीची झुणका-भाकर उरली. शहरात ज्वारी आता बहुधा गव्हापेक्षा महाग मिळते.

तरी भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात तेव्हा पुरणपोळी, कढी आणि सोळा भाज्यांच्या नैवेद्यात ज्वारीच्या पिठाची आंबील लागतेच. ज्या घरांत एरवी ज्वारी येत नाही, तिथेही त्या आठवड्यात वाण्याकडून अर्धा किलो आणली जाते.