गोव्यातील मासेमारी नौकेची कागदपत्रं: नोंदणी, परवाना, ॲक्सेस पास आणि शेजारच्या राज्याची हद्द

पेडण्याच्या किनाऱ्यावरून उत्तरेला गेलेली नौका बघता बघता सिंधुदुर्गासमोरच्या पाण्यात शिरते आणि काणकोणातून दक्षिणेला गेलेली कारवारच्या. बांगडा आणि तारले तर तिन्ही राज्यांच्या किनाऱ्याने फिरतात. नौकेला मात्र तशी मोकळीक नाही. घटनेनुसार मासेमारी हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत, ज्या राज्याचा किनारा त्याचाच कायदा चालतो. तिथून पुढे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. म्हणजे गोव्याचा परवाना हा गोव्याच्या पाण्यापुरता आहे. कागद करताना हे लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच वाद टळतात, म्हणून आधी तेच सांगितलं.

नोंदणी आणि परवाना वेगवेगळे

बरेच जण नोंदणीचा दाखला हातात आला की काम झालं असं समजतात. तसं नाही. नोंदणी म्हणजे नौकेची ओळख, ती मर्चंट शिपिंग कायद्याखाली होते. परवाना म्हणजे मासे पकडण्याची परवानगी, ती राज्याच्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळते. गोव्याचा हा कायदा 1980 चा. रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध (समुद्रात जाळं ओढत नेणाऱ्या नौकांविरुद्ध) सत्तरच्या दशकात उभारलेल्या आंदोलनातून तो आला. म्हणून किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखणं हा त्याचा गाभा आहे.

दोन्हींसाठी अर्ज मत्स्यव्यवसाय संचालनालयाकडे करायचा, आणि तो ‘रिअलक्राफ्ट’ या केंद्राच्या पोर्टलवरून जातो. सगळ्या किनारी राज्यांच्या नौका याच पोर्टलवर नोंदल्या जातात. शेजारी सरकारांमधलं सहकार्य मच्छीमाराला प्रत्यक्ष दिसतं ते इथे: गोव्याच्या नौकेचा क्रमांक आयएनडी-जीएने सुरू होतो, महाराष्ट्राच्या आयएनडी-एमएचने, कर्नाटकच्या आयएनडी-केएने. पुढे एमएम म्हणजे यांत्रिक, आत इंजिन बसवलेली नौका, एमओ म्हणजे बाहेरून मोटर लावलेली आणि एनएम म्हणजे बिगरमोटरची. गस्तीनौकेला लांबूनच कळतं की नौका कुठली आणि कोणत्या प्रकारची. म्हणूनच क्रमांक पुसट ठेवू नका. दर हंगामाआधी नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना आणि केबिनवर तो नव्याने रंगवा.

कोणते कागद काढून ठेवायचे

मालकाचं आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, गोव्यातल्या वास्तव्याचा दाखला, फोटो, बँकेचं पासबुक. नौका भागीदारीत असेल तर भागीदारीचा करार आणि सगळ्या भागीदारांची ओळखपत्रं. संस्थेच्या नावावर असेल तर सहकारी संस्थेचा ठराव. इथवर कोणाला फारशी अडचण येत नाही.

अडचण येते ती नावाच्या स्पेलिंगपाशी. गोव्यात जुन्या जन्मदाखल्यावर नाव-आडनाव पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत असतं आणि आधारवर इंग्रजी वळणाचं. वडिलांच्या नावची नौका मुलाच्या नावावर करताना हे हमखास आडवं येतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आधीच करून जोडा. तेवढ्या एका कागदासाठी अर्ज परत आला तर पावसाळी बंदीनंतरचा ऑगस्ट हातचा जातो.

नौकेचे कागद म्हणजे बांधणाऱ्या यार्डाचा दाखला, लांबी-रुंदी-खोलीची मापं, इंजिनाचं बिल आणि इंजिन क्रमांक, चारही बाजूंचे फोटो, विमा. नवी नौका बांधायची असेल तर आधी बांधणीची परवानगी घ्या आणि मगच यार्डाला आगाऊ रक्कम द्या. उलट क्रमाने गेलेल्यांची लाखांची रक्कम अडकून पडते. अर्जानंतर अधिकारी जेटीवर येऊन नौका मोजतात. इंजिनावरची क्रमांकाची पट्टी खाऱ्या पाण्याने गंजलेली असते आणि तीन आहे की आठ ते वाचता येत नाही. आदल्या दिवशी ती घासून, तेल पुसून ठेवा आणि अक्षरं स्पष्ट येतील असा फोटो काढा. बिलावरचा क्रमांक आणि पट्टीवरचा क्रमांक एकाही अंकाने वेगळा निघाला तर अर्ज पुढे सरकत नाही.

मालवण, वेंगुर्ला किंवा कारवारहून जुनी नौका विकत घेणाऱ्यांनी खास काळजी घ्यायला हवी. आधीच्या राज्यातली नोंदणी रद्द झाल्याचा किंवा तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेतल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका. नौकेवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र लागतं. एकाच नौकेवर दोन राज्यांचे क्रमांक निघाले तर संशयाची सुई नव्या मालकावर येते.

खलाशांची कागदपत्रं वेगळ्या पाकिटात ठेवा. गोव्याच्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली मुलं काम करतात. प्रत्येकाचं आधार किंवा मच्छीमार ओळखपत्र नौकेवर असलंच पाहिजे. 26/11 नंतर समुद्रात पहिली विचारणा ओळखपत्राचीच होते.

परवान्यातल्या अटी आणि तीन राज्यांच्या तीन रेषा

परवान्यावर जाळ्याचा प्रकार लिहिलेला असतो. ट्रॉलचा परवाना घेऊन पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून आवळायचं जाळं, टाकणं हा गुन्हाच. गोव्यात कोळंबीच्या जाळ्याचा आस (छिद्राचं माप) 20 मिलिमीटरपेक्षा आणि मासळीच्या जाळ्याचा 24 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत मासेमारी करता येत नाही.

आता शेजारी बघा. महाराष्ट्रात ट्रॉलरची रेष अंतरावर नाही, पाण्याच्या खोलीवर, वावांत मोजतात (एक वाव म्हणजे सहा फूट). कर्नाटकात किनाऱ्यालगतचे 6 किलोमीटर पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलेले आहेत. पर्ससीनवर महाराष्ट्राने 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने कडक बंधनं घातली. राज्याच्या जलधीत, म्हणजे 12 मैलांपर्यंतच्या पाण्यात, परवानाधारकांनाही फक्त सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. म्हणजे जानेवारीत गोव्याच्या पाण्यात कायदेशीर असलेलं जाळं गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या मुखाच्या उत्तरेला बेकायदा ठरू शकतं. तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, हे माहीत नसेल तर त्याचा भुर्दंड मालकाला बसतो.

मला हे तीन तऱ्हांचे नियम मनापासून खटकतात. तेरेखोलच्या दोन्ही काठांवर गाबीत समाजाचे मच्छीमार आहेत, कर्नाटक सीमेवरच्या पोळेच्या दोन्ही बाजूंना खारवी समाजाचे आहेत, सोयरीकही एकमेकांत. पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालणारा बांगडा तिघांचाच आहे. एका राज्याने पिल्लं सोडली आणि दुसऱ्याने ती पकडली तर पहिल्याच्या संयमाला काय अर्थ? महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. तिन्ही राज्यांचं याबाबत एकच कोष्टक असायला हवं.

एकत्र येऊन काय साधतं याचं चांगलं उदाहरण पावसाळी बंदीत आहे. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या हद्दीत 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते आणि गोव्यानेही हेच दिवस धरले आहेत. पूर्वी तारखा वेगळ्या असत तेव्हा एकाची नौका किनाऱ्यावर आणि शेजाऱ्याची समुद्रात, अशी स्थिती व्हायची आणि भांडणं पेटायची. तरीही सवलतींत फरक आहेच. गोव्यात 10 अश्वशक्तीपर्यंतची मोटर लावलेल्या, नोंदणी आणि परवाना असलेल्या होड्यांना बंदीतही गिलनेटने (मासे कल्ल्यांपाशी अडकतात अशा जाळ्याने) मासेमारी करता येते. ही सवलत गोव्याची आहे. ती गृहीत धरून होडी शेजारच्या पाण्यात नेऊ नका. दरवर्षीची अधिसूचना वाचूनच नौका काढा, कारण राज्यं आपापल्या जलधीत तारखा वाढवू शकतात.

मासे ओढून घेण्यासाठी लावायचे एलईडी दिवे आणि दोन नौकांनी मिळून ओढायचं बुल ट्रॉलिंग याबाबत कुठेच सूट नाही. केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने 12 मैलांपलीकडेही दोन्हींवर बंदी घातली. नौकेवर जनरेटर आणि दिव्यांचा संच सापडला तर ‘आम्ही लावले नव्हते’ हे पटवणं अवघड जातं. नौकेवर ठेवूच नका.

12 मैलांपलीकडे: ॲक्सेस पास

केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे 12 ते 200 सागरी मैलांच्या पट्ट्यातल्या, मासेमारीचे नवे नियम लागू केले. त्यानुसार यांत्रिक आणि मोठ्या नौकांना 12 मैलांपलीकडे ॲक्सेस पास, म्हणजे तिथे मासेमारीची केंद्राची परवानगी, लागतो. तो रिअलक्राफ्टवरूनच काढायचा, त्याला शुल्क नाही. कोणी एजंट ‘पासची फी’ मागत असेल तर देऊ नका. पारंपरिक मच्छीमारांच्या मोटरच्या किंवा बिगरमोटरच्या होड्यांना हा पास लागत नाही. नोंदणी आणि परवाना चालू नसेल तर पासचा अर्ज अडतो, म्हणून क्रम तोच ठेवा: नोंदणी, परवाना, मग पास.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून मिळणारा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे नौकेची जागा कळवणारं यंत्र, मच्छीमारांना मोफत आहे. काही तांडेल तो बंद ठेवतात, आपली जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हद्दीचा वाद झाला तर नौका कुठे होती हे सांगणारी नोंद तुमच्याच बाजूने उभी राहते.

कुपा (ट्यूना) पकडायला 200 मैलांपलीकडे जाणाऱ्यांसाठी केंद्राचं वेगळं अधिकारपत्र लागतं, आणि अशा नौकांची नावं हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या यादीत जावी लागतात. भारत त्या आयोगाचा सदस्य आहे. गोव्यातल्या बहुतेक मालकांचा याच्याशी संबंध येत नाही.

शेजारच्या हद्दीत नौका अडवली तर

आधी कोणी अडवली ते बघा. गणवेशातला अधिकारी असेल तर कागद दाखवा आणि पंचनाम्याची प्रत मागा. वेळ आणि अक्षांश-रेखांश पंचनाम्यात लिहिले आहेत का ते वाचूनच सही करा. जीपीएसच्या पडद्याचा फोटो तिथल्या तिथे काढा. मासळी नाशवंत म्हणून तिचा लिलाव होतो. किती किलो, कोणत्या दराने, याची पावती घ्या. महाराष्ट्रात 2021 च्या दुरुस्तीनंतर असे खटले तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी चालवतात आणि दंड लाखांत गेला आहे. आदेश मान्य नसेल तर अपील करता येतं. मुदत आदेशाच्या तारखेपासून चालू होते, म्हणून त्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.

स्थानिक मच्छीमारांनीच घेरलं असेल तर हुज्जत घालू नका, जाळं किंवा दोर कापू नका. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावा. मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्रात असे प्रसंग घडले आहेत, आणि समोरचा माणूस आपल्यासारखाच रिकाम्या जाळ्याने वैतागलेला असतो.

उलट, शेजारच्या राज्याची नौका गोव्याच्या राखीव पट्ट्यात दिसली तर तिचा क्रमांक, वेळ, जागा आणि फोटो यांसह संचालनालयाकडे लेखी तक्रार करा आणि आवक क्रमांक घ्या. संस्थेच्या लेटरहेडवर गेलेल्या तक्रारीला वजन असतं.

मोठा प्रश्न दोन सरकारांनी बसून सोडवायचा असेल तर त्यासाठी क्षेत्रीय परिषदा आहेत. केंद्रीय गृहमंत्री त्यांचे अध्यक्ष असतात. गोवा आणि महाराष्ट्र दोघंही पश्चिम परिषदेत आहेत, कर्नाटक मात्र दक्षिण परिषदेत. म्हणजे एकाच बांगड्यावर जगणारी ही तीन राज्यं त्यातल्या एकाही टेबलावर एकत्र येत नाहीत. मालीम, कुटबण, शापोरा, तळपण या गोव्यातल्या जेटींवरच्या मच्छीमार संस्थांनी आपल्या आमदारांमार्फत आणि संचालनालयामार्फत तिन्ही राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांच्या वार्षिक बैठकीची मागणी लेखी नोंदवावी. निवेदनात ती बैठक मे महिन्यात, बंदीच्या अधिसूचना निघण्याआधी व्हावी असं स्पष्ट लिहा आणि पकडण्याजोग्या माशांची किमान लांबी, एलईडी आणि किनाऱ्याजवळची रेष हे तीनच विषय ठेवा.